एका मागाची किंमत

मल्लिनाथ हत्तुरे फरशीवर मांडी घालतो,
जाळी काढतो, वूफरच्या कडेला बोट लावतो,
आणि कड बोटावर येते. काळी, चिकट,
पाघळलेल्या गुळासारखी.
"सोलापूरचं ऊन फोमला सोडत नाही ओ," तो म्हणतो.
"अडतीस उन्हाळे काढले की यांनी."

पेट्या दोन. एकेक एकतीस किलोची.
सागाच्या पापुद्र्यावर आईच्या तेलाच्या बाटलीचा गोल डाग,
धूळ बसू नये म्हणून वर आमच्याच कारखान्यातला
सेकंडचा टॉवेल.
शहाऐंशी साली नान्नांनी त्या घेतल्या
रेल्वे लाइन्समधल्या एका डॉक्टरकडून. तो देश सोडून चालला होता.
त्यासाठी आठातला एक माग विकला.
आई शेवटपर्यंत हिशेब असाच सांगायची:
सात माग, आणि दोन कपाटं ज्यांत काही ठेवता येत नाही.

पुण्याचा एक माणूस दर रविवारी भाव वाढवतो.
असं लाकूड आता होत नाही म्हणतो,
असे चुंबक आता होत नाहीत.
माझी भाची म्हणते, मावशी, हे ऐक,
आणि पाण्याच्या बाटलीएवढं काहीतरी ओट्यावर ठेवते.
खोटं कशाला बोलू, छान वाजतं.
धुताही येतं म्हणे.

मल्लिनाथ आत हात घालतो,
तांब्याची वेटोळी, फुगलेले कपॅसिटर,
मग सगळ्यात वरची, रुपयाएवढी घुमटी.
मीटर लावतो. पुन्हा लावतो. दुसऱ्या पेटीलाही लावतो.
"ट्वीटर गेलेत. दोन्ही."
कधी?
तो गंजाकडे बघतो, माझ्याकडे नाही.
"वीसेक वर्षं तरी."

वीस वर्षं.
कारखाना बंद करून, भुवयांवरची रुई झटकून
नान्ना रोज रात्री इथे बसले,
शेंगा सोलत, डोळे मिटून,
ओठांवर बोट ठेवून आम्हाला गप्प करत,
आणि झांज नव्हती.
सनईच्या टोकाला काही नव्हतं.
गाणारी बाई दोन ओळींच्या मध्ये श्वास घेते, तो नव्हता.
आम्हाला वाटायचं, जुन्या कॅसेटी अशाच असतात.
त्यांना काहीच वाटलं नाही.
ते सूर आधी त्यांच्यातूनच गेले होते,
ताण्यातला एखादा धागा तुटावा
आणि माग तसाच चालू राहावा, तसे.
खटाक खटाक. बारा तास. चाळीस वर्षं.

नवे ट्वीटर बसवले. फोमऐवजी रबराची कड.
अकरा हजार चारशे, चहा वेगळा.
झांजेचा पहिलाच ठोका खोलीत काचेसारखा फुटला,
भाचीने मोबाइलमधून मान वर केली,
मी नान्नांकडे बघितलं.
ते शेंग सोलत होते.

"काही फरक?" मी उजव्या कानात ओरडले.
"फरक कसला? पहिल्यापासनं चांगलेच आहेत."
मग भिंत धरत उठले,
पेटीच्या कुशीवर तळहात ठेवला,
मागाच्या चौकटीवर ठेवायचे तसा,
कुठला नट सैल झालाय ते कळायला.
पखवाज आला की बोटं थोडी उघडायची.
बाकी वेळ हात नुसता तिथे.

ठेवण्यासारख्या आहेत का?
मल्लिनाथ म्हणाला, दर दहा उन्हाळ्यांनी मला बोलवणार असाल तर.
भाची म्हणाली, केवढी जागा खातात.
दोघंही बरोबर.
माझ्या कानांचं मला अजून ठरवता आलेलं नाही;
मीही त्याच मागांच्या आवाजात पाढे पाठ केलेत.

रविवारी पुण्याचा फोन आला.
मी म्हटलं, भाव राहू द्या,
एका मागाची आजची किंमत काय, ते सांगा.
थोडा वेळ शांतता.
मग तो अदबीने म्हणाला,
"कुठल्या भागाची?"